हिंदुअण्णांची शिडी

"बाई, मला एक रविवार द्या," हिंदुअण्णा माने म्हणाले.

मी स्टुलावर चढून फळा पुसत होते. मागं वळूनही न बघता म्हटलं, "देते की. शिकवणार काय?"

"तिरडी बांधायला."

मी फडकं खाली ठेवलं आणि स्टुलावरून उतरले. हा माणूस चेष्टा करणाऱ्यातला नव्हता. एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला, उंच, वाळका, मोजून बोलणारा. चपला दाराबाहेर काढून, हात मागं बांधून, गृहपाठ न केलेल्या मुलासारखा उभा होता.

"अण्णा, दिवाळी होऊन आठ दिवस झालेत. लोकांच्या डब्यात अजून करंज्या आहेत."

"म्हणून तर थांबलो होतो. म्हटलं दिवाळी होऊ दे."

"आणि ही गणपतीची जागा आहे."

"असू दे की. त्याला काय माहीत नाही होय, माणसं मरतात ते?"

मी एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये कार्यानुभव शिकवला. मुलांची तोंडं बंद करायची मला सवय होती, पण या माणसापुढं माझंच तोंड बंद झालं.

"चार माणसं पाहिजेत," अण्णा म्हणाले. "चौघांना नीट यायला पाहिजे. संक्रांतीच्या आत."

"संक्रांतीच्या आतच का?"

"नंतर उशीर होईल," म्हणाले आणि चपला घालून निघून गेले.

या गोष्टीला आता सोळा वर्षं झाली. कराडला आमची सुयोग कॉलनी, साठ-पासष्ट घरांची, सगळे नोकरीतून मोकळे झालेले नाहीतर होत आलेले. मी निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून रविवारची शाळा काढली. दर रविवारी दहा ते बारा, कॉलनीच्या गणपती मंडपाच्या पक्क्या हॉलमध्ये, ज्याला जे येतं त्यानं ते शेजाऱ्यांना शिकवायचं. कल्पना माझी, म्हणून डोक्याला तापही माझाच. कारण पहिल्या महिन्यातच कळलं की आमच्या कॉलनीत प्रत्येकाला शिकवायचं होतं, आणि शिकायला कुणालाच यायचं नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले जगतापसाहेब कॉलनीचे अध्यक्ष. त्यांनी 'आनंदी जीवन' या विषयावर लागोपाठ चार रविवार घेतले. ऐकायला दोघी, मी आणि त्यांची बायको. ती बिचारी मान खाली घालून मेथी निवडत असायची. मग मी नियम केला, एक रविवार शिकवायचा असेल तर आधी दुसऱ्याचे दोन रविवार बसून शिकायचं. त्यावरून निम्मी कॉलनी माझ्यावर रुसली.

हिंदुअण्णा मात्र नियमाआधीपासून येत होते. पोस्टातले बाबर पत्र्याच्या डब्यांची झाकणं दुरुस्त करायला शिकवायचे, तिथं अण्णा. रेखा लिगाडे ब्लाऊजचं कटिंग शिकवायची, तिथंही बायकांच्या मागं भिंतीला टेकून अण्णा. एकूण नऊ रविवार बसले होते. नियमानं त्यांचे साडेचार रविवार माझ्याकडं जमा होते, आणि आता त्यांना फक्त एक हवा होता, तोही असला.

कॉलनीत कुणी गेलं की लोक आधी अण्णांच्या दारात जायचे, मग डॉक्टरकडं. निळी पिशवी घेऊन अण्णा यायचे, पिशवीत कोयता आणि काथ्याची गुंडी. कुणाशी न बोलता अंगणात बांबू बांधायचे, चहाला नको म्हणायचे, आणि लोक घाटावरून परत यायच्या आत आंघोळ करून घरी. एवढं करूनही सणासुदीला सकाळी अण्णा समोर आले की बायका रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायच्या. मी म्हणत असे, काय वेडेपणा हा. पण खरं सांगायचं तर एकदा पाडव्याला मीही गेले होते.

आणि त्यांची बायको शालन तर घरात अंथरुणाला खिळलेली. मिरजेच्या डॉक्टरांनी आता औषध नाही म्हणून घरी पाठवलं होतं. हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं, मलाही होतं. मग हा माणूस चार माणसं कुणासाठी तयार करतोय, हे न कळण्याएवढी मी दूधखुळी नव्हते. तेच तर मला सहन होत नव्हतं. बाई अजून जिवंत आहे, दोन घोट चहा घेतेय, आणि नवरा तिच्या तिरडीची तालीम करायला निघालाय. मला इतका संताप आला की रात्री जेवणही गेलं नाही.

पंधरा दिवसांनी ते परत आले. मी नाही म्हटलं. आणखी पंधरा दिवसांनी परत. तिसऱ्या वेळी माझे हात टेकले.

"अण्णा, मी फळ्यावर तिरडी लिहिणार नाही. लोक माझी शाळा बंद पाडतील. शिडी शिकवा. दोन बांबू, मध्ये आडव्या कामट्या, बांधणं तेच."

"गाठ वेगळी असते."

"तुम्हाला रविवार पाहिजे का नको?"

"पाहिजे."

मी फळ्यावर लिहिलं: बांबूची शिडी, शिक्षक श्री. हिंदुराव माने. मला वाटलं, मी मोठी शहाणी.

पाच जण आले. रेखाच्या दारात शेवगा होता आणि शेंगा हाताला लागत नव्हत्या, म्हणून तिला शिडी हवीच होती. बाबर आले. आणखी तिघे उगाच. अण्णांनी काथ्या बादलीत भिजत घातला होता, दोन हिरवे बांबू आणले होते आणि कामट्या सोलून तयार ठेवल्या होत्या. शिकवायला मात्र माणूस फार चांगला होता, हे कबूल करायला पाहिजे. न ओरडता, न चिडता, हात धरून दाखवायचा. "खालून दोन वेढे. वरून एक. आता टोक दुमडून आत. बघा, हे टोक ओढलं की सगळं सुटलं पाहिजे."

"अण्णा," रेखा म्हणाली, "शिडीची गाठ सुटून कसं चालेल?"

"वेळ आली की सुटायला पाहिजे. तिथं गेल्यावर कोयता शोधत बसायला नको."

"तिथं म्हणजे कुठं?"

मी जोरात खोकले. अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि पुढची कामटी उचलली. दोन मिनिटांनी रेखानंच परत तोंड उघडलं. "आणि एवढी रुंद कशाला? वर म्हैस चढवायचीय का?"

"एवढीच लागते."

"पायऱ्या सातच?"

"सातच."

रेखाचे हात जरा हळू झाले, पण ती बांधत राहिली. मग अण्णा सगळ्यांमधून फिरत सहज म्हणाले, "एक लक्षात ठेवा. बांधणाऱ्यानं रडायचं नाही. डोळे भरले की गाठ ढिली पडते."

उगाच आलेल्या तिघांनी एकमेकांकडं बघितलं, एकाला दूध आणायचं आठवलं, बाकीच्या दोघांना त्याची सोबत करायची होती. राहिलो बाबर, रेखा आणि मी. बाबरांना शेवटपर्यंत ती शिडीच वाटत होती. त्यांनी मन लावून बांधली.

बारा वाजता अण्णा जाताना म्हणाले, "बाई, ही उभी करू नका. आडवीच राहू दे."

पण मी आधीच वैतागलेली. एवढं सांगून, एवढं समजावून या माणसानं शेवटी आपलंच खरं केलं. मी ती शिडी मुद्दाम उभी केली. कोपऱ्यात भिंतीला टेकवली आणि वर कागद चिकटवला: रविवारच्या शाळेत तयार झालेली वस्तू.

त्याच आठवड्यात दत्तजयंती होती. जगतापसाहेबांना माळा टांगायची हौस. मंडपवाले म्हातारेबुवा त्यांची शिडी आणायला गेले, तेवढा धीर साहेबांना कुठला. कोपऱ्यातली शिडी उचलली, दाराला लावली आणि चढले. पहिल्या पायरीवर काही झालं नाही. दुसरीवर नाही. तिसरीवर पाय टाकला तो नेमका लोंबणाऱ्या टोकावर, आणि अण्णांनी शिकवलेली गाठ शिकवल्याप्रमाणे सुटली.

मी धावत गेले तेव्हा साहेब जमिनीवर पाय धरून बसलेले आणि शिडी शेजारी आडवी पडलेली. मंडपवाले म्हातारे परत आले, ते जागच्या जागी थबकले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"साहेब, ह्याच्यावर कसं काय चढलात?" ते म्हणाले. "ही तर मयताची आहे."

साहेबांनी आधी शिडीकडं बघितलं, मग माझ्या कागदाकडं, मग माझ्याकडं.

"शेडगेबाई," ते फार हळू म्हणाले, "तुम्ही माझी तिरडी बांधून ठेवली होती?"

नुसता पाय मुरगळला होता. पण बोभाटा असा झाला की साहेबांचा दहावाच व्हायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. सगळे एकदम बोलत होते. गणपतीसमोर तिरडी बांधली, आता बांधलेली रिकामी जात नाही, कुणाचा तरी नंबर लागणार. एकजण म्हणाला, शांती करून घ्या. दुसरा म्हणाला, हॉल धुऊन घ्या. शेवटी ठरलं की हिंदुराव मान्यांनी लेखी माफी मागायची, नाहीतर रविवारची शाळा बंद. आणि माफी लिहून आणायची जबाबदारी अर्थातच माझी.

मी कागद आणि पेन घेऊन तडक अण्णांच्या घरी गेले. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. म्हटलं, आज या माणसाला सोडायचं नाही. माझ्या शाळेचं वाटोळं केलं, माझ्या नावाची शोभा केली, आणि वर 'उभी करू नका म्हणून सांगितलं होतं' असं म्हणायला मोकळा.

दार उघडंच होतं. पुढच्याच खोलीत लोखंडी कॉटवर शालन. चेहऱ्यात डोळेच काय ते राहिले होते.

"अण्णा कुठायत?"

"औषधाला गेलेत. बसा, बाई."

"बसायला नाही आले."

"भांडायला आलाय होय?" ती म्हणाली. "मग माझ्याशी भांडा. तिरडी शिकवा असं त्यांना मीच सांगितलंय."

मी बसले. बसावंच लागलं.

"तूच सांगितलंस? शालन, तुला काय वेड लागलंय? स्वतःच्या…" पुढचा शब्द मला उच्चारवेना.

"तिरडी म्हणा की. मला काय भीती नाही त्याची." तिनं पाण्याच्या भांड्याकडं बोट केलं, मी दोन चमचे पाणी तिच्या तोंडात घातलं. "आमचा प्रमोद गेला, तेव्हा तुम्ही कॉलनीत नव्हता. एकोणीस वर्षांचा होता. तीन दिवस ताप आला आणि गेला. पहाटे दवाखान्यातून आणला. लोक जमले, सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे. बांधायला येतंय कुणाला? ह्यांनाच. मग हे उठले. अंगणात जाऊन बसले बांबू घेऊन."

"त्यांनी स्वतः बांधली?"

"स्वतः. पोराची. मी आत एकटी, त्याचं डोकं मांडीवर घेऊन. मला वाटत होतं, आता येतील, आता येतील. माझ्याजवळ टेकतील जरा. पोराच्या तोंडावरून हात फिरवतील. बाहेर कोयत्याचा आवाज येत होता. हे आत आले ते चार माणसं घेऊनच आले, उचलायला." ती थांबली. तिला बोलायचे कष्ट होत होते, पण मी नको म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. "बावीस वर्षं मी त्यांना बोलले नाही त्यावरून. काय बोलणार? लोकांना येत नव्हतं म्हणून करत होते. पण मिरजेहून आल्यावर सांगितलं. म्हटलं, माझ्या वेळेला तुम्ही बांबूला हात लावायचा नाही. तुम्ही माझ्यापाशी बसायचं. दुसऱ्या कुणाला तरी शिकवून ठेवा."

मी हातातला कागद घडी घालून ब्लाऊजमध्ये सारला. इतके दिवस मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते सगळं आठवून मला स्वतःचीच चीड आली.

"ते मला सांगायचं नाही का?" मी म्हणाले. "तीन वेळा आले, तीन वेळा हात मागं बांधून उभे राहिले. एवढंसं वाक्य बोलता येत नाही?"

"प्रमोदचं नाव तोंडातून काढत नाहीत ते," शालन म्हणाली. "घरातसुद्धा नाही."

अण्णा औषधाची पुडी घेऊन दारात आले. मला बघून जागीच उभे राहिले. चेहऱ्यावर असं होतं की आता छड्या खायच्याच आहेत.

"अण्णा, रविवारी दहाला या," मी म्हणाले. "बांबू आणा. मी फळ्यावर जे आहे तेच लिहिणार."

"लोक…"

"लोकांचं मी बघते. तुम्ही काथ्या भिजत घाला."

तिथून मी जगतापसाहेबांकडं गेले. ते पाय उशीवर ठेवून आरामखुर्चीत बसले होते. "आणली का माफी?" त्यांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, एका दमात, उभ्या उभ्याच. सांगताना माझा आवाज चढला, आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या हातातलं लाटणं थांबलं. साहेबांनी सुजलेला पाय उशीवरून खाली घेतला.

"किती माणसं लागतात?" त्यांनी विचारलं.

"चार."

"जमलीत किती?"

"मी आणि रेखा."

"बायका? बायका तिरडी बांधणार?"

"पुरुष पळून गेले, साहेब. एकाला दूध आणायचं होतं."

रविवारी फळ्यावर मी ठळक अक्षरात लिहिलं: तिरडी बांधणे. हॉलच्या दारात कुणी फिरकेना. दहाला रेखा आली. सव्वादहाला बाबर आले, अपराधी तोंड करून म्हणाले, "मला खरंच शिडी वाटली होती हो." साडेदहाला काठी टेकत जगतापसाहेब. आत येऊन त्यांनी आधी गणपतीपुढचा पडदा ओढून घेतला आणि मग सतरंजीवर बसले.

कपाळावर हात मारून घ्यावा असे विद्यार्थी होते एकेक. साहेब बुटाच्या नाडीसारखी गाठ मारायचे आणि वर सांगायचे की तत्त्व तेच आहे. बाबर प्रत्येक कामटी फूटपट्टीनं मोजायचे. रेखाची गाठ पक्की बसायची, पण नेहमी उलट्या बाजूनं. मी स्वतः हस्तकलेची शिक्षिका, आणि माझ्या हातून काथ्या निसटायचा, कारण डोळ्यासमोर शालन यायची. अण्णा प्रत्येकाजवळ उकिडवे बसून म्हणायचे, "सोडा. परत." असे पाच रविवार झाले. पाचव्या रविवारी त्यांनी आमच्या चौघांची एक-एक गाठ ओढून बघितली आणि मान हलवली. मान होकाराची की नकाराची, ते मला अजून कळलेलं नाही.

संक्रांतीला पाच दिवस राहिले होते. सकाळी आठच्या सुमाराला अण्णा आमच्या फाटकाशी आले. आत आले नाहीत. त्यांच्या हातात ती निळी पिशवी होती. ती त्यांनी माझ्याकडं दिली.

"बाई, तुम्ही बघाल ना?" म्हणाले, आणि मी हो म्हणायच्या आत वळले. घराकडं चालत नव्हते, पळतच होते.

मी रेखाला हाक मारली. बाबरांना बोलावलं. साहेब काठी न घेताच आले. अण्णांच्या अंगणात आम्ही चौघं बसलो. घरात अण्णा शालनच्या उशाशी, हे मला उघड्या दारातून दिसत होतं. तिचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

आणि आमच्या हातांना काय झालं कोण जाणे. पाच रविवार शिकलेलं सगळं गेलं. पहिली बांधली ती एका बाजूला रुंद, एका बाजूला अरुंद. सोडली. दुसऱ्या वेळी साहेबांनी डोक्याकडची बाजू पायाकडं धरली, आमची दबक्या आवाजात भांडणं.

"साहेब, फिरवा ती."

"अहो बरोबर आहे."

"बरोबर नाही. कामट्या मोजा. सहाच आहेत."

"सातवी तुमच्या गुडघ्याखाली आहे, बाई."

तोवर शालनचा भाऊ मसूरहून आला, त्याच्याबरोबर जीपभर माणसं. तो आमच्या डोक्यावर येऊन उभा राहिला. "हे काय चाललंय? बायका बांधतायत? दाजी कुठायत? दाजींना बोलवा, ते येऊन झटक्यात बांधतील."

"दाजींना कुणी बोलवायचं नाही," मी म्हणाले.

"अहो पण उन्हं वर आली. माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. या बायका शिकलेल्या आहेत," जगतापसाहेब गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणाले. त्यांच्या पांढऱ्या लेंग्याला चिखल लागला होता. "आणि मी पण. तुम्ही तिकडं सावलीत बसा."

तो धुसफुसत गेला, पण दोनदा आत जायला निघाला आणि दोन्ही वेळा रेखानं उठून दार अडवलं. तिसऱ्यांदा बांधली तेव्हा जमली. जमली म्हणजे उभी धरली असती तर कुणी चढलं नसतं, पण आडवी ठीक होती. कडबा पसरला, कापड अंथरलं. माझी बोटं काथ्यानं सोलली होती. बाबर घड्याळ बघून म्हणाले, "दीड तास गेला." मला शरमेनं मान वर करवेना.

मी आत गेले. अण्णा तसेच बसलेले होते. एका हातानं तिच्या कपाळावरून केस मागं सारत होते, सावकाश, कुठं जायचंच नाही असं. मी म्हटलं, "अण्णा, झालं."

त्यांनी तिचं डोकं हळूच उशीवर ठेवलं आणि बाहेर आले. तिरडीजवळ उभे राहून एका कामटीवरून दुसऱ्या कामटीवर नजर फिरवली. चौथ्या कामटीची गाठ उलटी होती. ती मला दिसत होती, त्यांना तर दिसणारच.

"माफ करा, अण्णा," मी म्हणाले. "फार वेळ लावला आम्ही. तीनदा सोडली. पाच रविवार शिकून एवढंसुद्धा धड आलं नाही आम्हाला."

अण्णा खाली वाकले. मला वाटलं, गाठ नीट करायला. पण त्यांनी गाठीला हात लावला नाही.

"प्रमोदची मी वीस मिनिटांत बांधली होती, बाई," ते म्हणाले. "तुम्हाला येत नाही ते फार बरं झालं."

मग त्यांनी मडकं उचललं आणि पुढं जाऊन उभे राहिले.